बीडमध्ये विंटर टायर? घरच्या गाडीचे टायर उन्हाळ्याआधी बदलायचे का | भागाचं लिखित रूप

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. बीड जिल्ह्यात बसून मी विंटर टायरवर बोलणार आहे. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला आपल्याकडे कुत्रं सुद्धा सावली सोडत नाही, आणि हा बर्फाच्या टायरचं काय सांगतोय, असं वाटेल. पण हा प्रश्न आमच्या घरात खरंच विचारला गेला. विचारला आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी.

माझा चुलत भाऊ जर्मनीत म्युनिकला असतो. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ कॉल चालू होता आणि तो मागे उभा राहून गाडीची चाकं बदलून घेत होता. आण्णांनी विचारलं, पंक्चर झालं का रे? तो म्हणाला, नाही काका, थंडीचे टायर काढून उन्हाळ्याचे बसवतोय, दर वर्षी दोनदा करावं लागतं. कॉल संपल्यावर आण्णा माझ्याकडे वळले. "आपल्याला बी बसवायचे का रं तसले? मंग उन्हाळ्याला कोन्ते लागत्यात?"

प्रश्न भारी आहे. कारण यंदा मे महिन्यात आमच्या ताईला पुण्याहून बाळंतपणासाठी घरी आणायचं आहे. पहिलंच बाळंतपण. तेव्हा तिला सातवा सरून आठवा लागलेला असेल. पुणे ते बीड, नगरवरून, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गाडी आमचीच, २०१७ ची, जुनी घेतलेली. त्यामुळे टायरचा विषय गमतीत सुरू झाला आणि दोन मिनिटांत गंभीर झाला.

आधी विंटर टायर म्हणजे काय ते सांगतो. तुमच्यातले बरेच जण उद्या बाहेर शिकायला जाणार आहात, तिथे उपयोगी पडेल.

टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ डिग्रीच्या खाली आपले नेहमीचे टायर इतके कडक होतात की रस्ता धरत नाहीत. विंटर टायरचं रबर मुद्दाम असं बनवतात की ते थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. त्यावर खूण असते, तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी. जर्मनीत २०१० पासून कायदा आहे की रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असेल तर असे टायर हवेतच. तारीख ठरलेली नाही, परिस्थितीवर आहे. पण लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशेब धरतात. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ती डोंगराची खूण असलेलाच टायर चालतो. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं चालत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तर सरळ तारखाच आहेत, १ डिसेंबर ते १५ मार्च.

हे 'एम प्लस एस' आपल्याकडेही काही एसयूव्हीच्या टायरवर दिसतं. मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ. ते बघून एका मित्राने मला सांगितलं होतं की माझ्या गाडीला विंटर टायर आहेत. नाहीत. तो कंपनीचा नक्षीबद्दलचा दावा असतो, बर्फाची परीक्षा पास झालेला टायर नव्हे.

आता हाच विंटर टायर बीडच्या उन्हात लावला तर? रबर आधीच मऊ, त्यात डांबर तापून साठ डिग्रीच्या घरात. टायर खोडरबरासारखा झिजेल, वळणावर गाडी लोण्यावर चालल्यासारखी वाटेल, आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त पुढे जाऊन थांबेल. म्हणून आण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. आपल्या दुकानात मिळतात ते टायर आपल्याच हवेचे असतात, वेगळे उन्हाळी टायर शोधायची गरज नाही.

पण दुसरा प्रश्न उरतोच. आपल्या गाडीला आत्ता जे चार टायर आहेत, ते या उन्हाळ्याला पुरे पडतील का?

मी खाली बसलो आणि टायर वाचले. वाचले म्हणजे खरंच वाचले. टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. समजा २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, ती बाजू आत गेली असेल तर मोबाईल गाडीखाली घालून फोटो काढायचा. मोबाईलचा एवढा चांगला उपयोग मी महिनाभरात केला नव्हता.

आमच्या गाडीचे पुढचे दोन टायर २०२२ चे निघाले. मागचे दोन आणि डिकीतली स्टेपनी, तिन्ही २०१७ चे. म्हणजे गाडीसोबत आलेले. नऊ वर्षं.

आण्णांना सांगितलं तर ते मागच्या टायरवर हात फिरवून म्हणाले, "नक्षी तर हाय की! नव्यावानी हाय." आणि खरं होतं ते. गाडी फार चालतच नाही. आठवड्यातून एकदा बाजार, कधी लग्न, कधी दवाखाना. बाकी दिवस लिंबाखाली उभी. नक्षीच्या खोबणीत जे छोटे उंचवटे असतात, ज्यांच्यापर्यंत रबर झिजलं की टायर संपला असं समजायचं, ते १.६ मिलिमीटरवर असतात. आमच्या मागच्या टायरची नक्षी त्याच्या कितीतरी वर होती.

अडचण इथेच आहे. झीज आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने, उन्हाने, उष्णतेने आतून वाळत जातं. टायरमध्ये यापासून वाचवणारी मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात, पण ती पृष्ठभागावर यायला टायर फिरावा लागतो. उभ्या गाडीचा टायर म्हणून लवकर भेगाळतो. गावाकडच्या कमी चालणाऱ्या गाड्यांचा हा खास रोग आहे. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. काही टायर कंपन्या म्हणतात, पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या आणि कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका. आमचे मागचे टायर या हिशेबात शेवटच्या पायरीवर होते. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा होत्या, पण गाडी धुणाऱ्याने वरून काळं पॉलिश मारलं होतं त्यामुळे दिसत नव्हत्या. ओल्या फडक्याने पुसल्यावर दिसल्या. पॉलिश मारलेल्या टायरवर विश्वास ठेवू नका, जुनी गाडी घेताना तर नाहीच.

आता उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणजे नेमकं काय होतं, याकडे येऊ. यावर आपल्याकडे इतके गैरसमज आहेत की काय सांगू.

पहिला गैरसमज, उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची. पंक्चरवालाही सांगतो, सासरेही सांगतात, ट्रकवाल्या मामांनीही सांगितलं. तर्क असा की ऊन लागून हवा फुगते, मग टायर फुटतो. ऐकायला बरोबर वाटतं. हिशेब करून बघा. तापमान साधारण साडेपाच डिग्री वाढलं की टायरमधला दाब एक पीएसआयने वाढतो. पहाटे २४ डिग्री असताना ३३ भरली, दुपारी ४२ झाली, तर तीनेक पीएसआय वाढले. गाडी चालल्याने अजून चारेक. म्हणजे झाले ४०. टायर एवढ्यासाठी बनवलेलाच असतो, त्याला हे पेलतं.

आता उलटं बघा. दुपारी गरम टायरमध्ये ४० दाखवली म्हणून तुम्ही सात काढून ३३ केली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या टायरमध्ये सत्तावीस-अठ्ठावीसच उरतील. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो. प्रत्येक फेऱ्यात त्याची भिंत वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. लोखंडी तार हातात घेऊन वीस वेळा वाकवली की वाकवलेल्या जागी गरम लागते ना, तसंच. ती उष्णता टायरच्या आतून येते. थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि नऊ वर्षांचं वाळलेलं रबर असेल तर लवकर सुटतात. मग आवाज होतो, आणि लोक म्हणतात उन्हाने फुटला. ऊन मदतीला होतं, पण मुख्य काम कमी हवेने, जास्त वजनाने आणि वेगाने केलेलं असतं.

म्हणून हवा थंड टायरमध्ये तपासायची. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा दोनेक किलोमीटरच चाललेली असावी. किती भरायची ते ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या कागदावर असतं. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा आकडा दिलेला असतो, लग्नाला जाताना तो बघा. टायरवर जो जास्तीत जास्त दाबाचा आकडा लिहिलेला असतो तो भरायचा नसतो, ती हद्द आहे.

नायट्रोजन भरावा का, हे मला मेसेजवर दर वेळी विचारतात. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. शुद्ध नायट्रोजनने गळती थोडी कमी होते, ओलावा नसतो. टायर फुटत नाही वगैरे काही नाही. पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट मिळायला हवी, तो आपला हक्क आहे. ती घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा.

दुसरा गैरसमज, समृद्धीचा. आपल्या भागातली पोरं जालन्याला किंवा संभाजीनगरला जाऊन समृद्धीला लागतात. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एकच वाक्य, काँक्रीटने टायर फुटतो. काँक्रीट डांबरापेक्षा जास्त तापतं असं नाही. रंग फिकट असल्याने उलट थोडं कमीच. फरक वेगाचा आणि सलगपणाचा आहे. गेवराई ते बीड येताना तुम्ही दहा वेळा ब्रेक मारता, टायरला श्वास मिळतो. समृद्धीवर १२० च्या मर्यादेला दीड-दोन तास पाय हलत नाही. जो टायर आपल्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात कसाबसा वर्षभर निघाला असता, त्याची परीक्षा तिथे एका दुपारी होते. म्हणूनच परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या.

आणि प्रत्येक अपघात टायरचाच असतो असंही नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळाली, २५ माणसं गेली. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. पुढे आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याची शक्यता नाकारल्याच्या बातम्या आल्या. 'टायर फुटला' हे आपल्याकडे फार सोयीचं कारण झालंय. टायर बोलत नाही ना.

आपल्या जिल्ह्याला हे सगळं जरा जास्त लागतं. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले, १४ ऑगस्ट २०२२ ला पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर विनायक मेटे गेले. या दोन्ही अपघातांचा टायरशी संबंध नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की माय उंबऱ्यात उभी राहते आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत जेवत नाही. अशी घरं जिल्ह्यात किती असतील, तुम्हीच बघा.

तर, निर्णय. मी म्हणालो चारही बदलू. आण्णा म्हणाले एकही नको, मृग तोंडावर आहे. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या मापाच्या टायरचा भाव दुकानात साधारण साडेचार हजार सांगितला. चार म्हटलं की अठरा हजार, वर अलाइनमेंट, बॅलन्सिंग. एवढ्यात सोयाबीनचं बियाणं आणि खताचा मोठा वाटा निघतो. शहरातला एखादा यूट्यूबर म्हणेल, सुरक्षेपुढे पैसा काय. त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात कृषी सेवा केंद्रासमोर उभं करा.

मधला रस्ता सुचवणारे पुष्कळ भेटले. एक जण म्हणाला, रिमोल्ड करून घ्या, निम्म्यात काम. रिमोल्ड वाईट असतं असं मी म्हणणार नाही. एसटी महामंडळाची स्वतःची टायर रिट्रेडिंगची केंद्रं आहेत आणि तुम्ही-आम्ही त्याच टायरवर शाळा-कॉलेज केलं. पण तिथे सांगाडा तपासून, ठराविक पद्धतीने रबर चढवतात, आणि ट्रक-बसच्या टायरचा सांगाडाच मुळात त्यासाठी मजबूत असतो. कारच्या नऊ वर्षांच्या वाळलेल्या सांगाड्यावर नवीन नक्षी चढवणं म्हणजे पडक्या भिंतीला डिस्टेंपर. दुसऱ्याने पुण्यातून उतरवलेले सेकंड हँड टायर दाखवले, बाराशेला एक. नक्षी छान. डीओटी बघितली तर दोन टायरवरचे आकडे घासून काढलेले. नमस्कार केला आणि निघालो.

मग आम्ही प्रश्न थोडा बदलला. चार टायरमधले धोक्याचे कोणते? मागचे दोन. पुढचे चार वर्षांचे आहेत, भेगा नाहीत, नक्षी निम्म्याच्या वर आहे, त्यांना अजून एक-दोन वर्षं आहेत. म्हणजे दोनच घ्यायचे. नऊ हजार. आण्णांनी कॅलेंडर बघितलं, मनात काहीतरी आकडेमोड केली, आणि म्हणाले, "दोन घे. पर नवीन पुढं टाक, इंजिन पुढं हाय."

दुकानदारही हेच म्हणाला. बहुतेक सगळे हेच म्हणतात. पण दोनच नवीन टायर घेतले तर ते मागे बसवायचे, गाडी पुढच्या चाकावर चालणारी असली तरी. कारण सांगतो. पहिल्या पावसात, उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ ओली होते. त्यात आपल्याकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती. अशा रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, स्टेअरिंगला ते जाणवतं, पाय काढला की बऱ्याचदा सावरते. मागची चाकं घसरली तर गाडी आडवी होते, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना गाडी आडवी झाली तर काय, एवढं मी आण्णांना विचारलं. ते दुकानदाराला म्हणाले, "मागं टाका."

खरेदी करताना दोन गोष्टी बघितल्या. एक, नव्या टायरचाही डीओटी. दुकानदाराने पहिल्यांदा जे काढले ते पावणेतीन वर्षं रॅकवर पडलेले होते. मी म्हणालो अलीकडचे द्या, त्याने कुरकुर केली, पण आतून चार महिन्यांपूर्वीचे आणले. किंमत तीच. दुसरी, मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षर. आमच्या टायरवर ८५ टी आहे. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत चालतो. दुकानदार याहून कमी आकड्याचा देत असेल तर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. आणि आयएसआय मार्क बघा.

जुन्या दोनांतला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीच्या जागी ठेवला. स्टेपनीही म्हातारी होते, डिकीत झोपून असली तरी. म्हणून घरात ठरलंय की ती लागलीच तर साठच्या वर जायचं नाही आणि जवळचं पंक्चर दुकान येईपर्यंतच चालवायची. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तीही बदलायची. आण्णांनी ते कॅलेंडरवर लिहिलं नाही, मी मोबाईलमध्ये टाकून ठेवलंय.

एका श्रोत्याने विचारलंय की चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर काय करायचं. ब्रेक जोरात दाबू नका, हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू उचला, गाडी आपोआप मंद होऊ द्या, मग कडेला घ्या. आणि मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावलेला असू द्या. गरोदर बाईने बेल्ट लावू नये असं आमच्या एका मावशीचं मत होतं. तर तसं नाही. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर कंबरेच्या हाडावर, आणि वरचा पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. ताईच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. प्रवास करावा की नाही, हेसुद्धा त्यांनाच विचारून ठरवलं.

आम्ही आदल्या दिवशी पुण्याला जाणार आणि पहाटे चारला निघणार. दुपारच्या आत आष्टी-कड्याच्या पुढे यायचं, दर दीड तासाला थांबायचं, ताईला थोडं चालवायचं. हवा आदल्या रात्री नाही, पहाटे गाडी हलवायच्या आधी तपासणार. त्यासाठी दाजींनी बॅटरीवर चालणारा छोटा पंप मागवलाय. आण्णांना तो फारसा पटलेला नाही. पण काल संध्याकाळी मी अंगणात आलो तर ते एकटेच चारही चाकांना लावून आकडे बघत बसले होते.

तुमच्या गाडीचे डीओटीचे चार आकडे मला पाठवा, पुढच्या भागात सगळ्यात म्हातारा टायर कुणाचा ते सांगतो. भेटूया.